बँकॉक पाहायचे तर धक्क्यावर उभे राहावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत अलीकडे बँकॉकच्या सहलीविषयी एक लेख प्रसिद्ध झाला. त्या शहराच्या वाहतुकीबद्दल लेखकाने दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. एक म्हणजे रस्त्यांवर तासन्‌तास कोंडी असते आणि दुसरी म्हणजे टुकटुकवाले, म्हणजे तेथले रिक्षावाले, परक्या माणसाला लुबाडतात. म्हणून सहल कंपनीच्या वातानुकूलित बसमधून खाली न उतरणेच शहाणपणाचे, असा सल्ला शेवटी दिला होता. या दोन्ही गोष्टी खोट्या नाहीत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र मला मुळीच पटला नाही. थायलंडने व्हिसाची अट शिथिल केल्यापासून आपले कितीतरी वाचक तेथे जाऊ लागले आहेत, आणि त्यांनी ते शहर केवळ बसच्या काचेतून पाहून परतावे याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून हे पत्र. ते थोडे लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

मी आणि माझी थोरली बहीण अशा आम्ही दोघी २०२४ च्या डिसेंबरात बँकॉकमध्ये नऊ दिवस राहिलो. ताईचे वय ६७, आणि तिच्या गुडघ्यांचे दुखणे जुने. तिला जिने चढताना त्रास होतो, उतरताना त्याहून जास्त होतो. त्यामुळे कोणत्या वाहनात किती पायऱ्या, कोठे धरायला कठडा आहे, कोठे दोन मिनिटे बसायला बाक आहे, या गोष्टी मी नऊ दिवस तिच्या गुडघ्यांनीच मोजत होते असे म्हटले तरी चालेल. शहराची वाहतूक कशी आहे हे तरण्याताठ्या माणसाला जेवढे कळते, त्यापेक्षा ताईबरोबर फिरताना मला अधिक कळले असे मी खात्रीने सांगते.

पहिल्या दोन दिवसांतच एक गोष्ट ध्यानात आली. स्वतःचे वाहन नसेल, तर बँकॉकमध्ये एकाच वाहनात बसून घरापासून कामापर्यंत पोहोचणारा माणूस विरळा. गाडीतून उतरायचे, होडीत बसायचे, होडीतून उतरून मोटारसायकलवर बसायचे, असाच अशा कितीतरी जणांचा दिवस जातो. एक वाहन प्रवाशाला दुसऱ्याच्या हाती सोपवते, दुसरे तिसऱ्याच्या हाती. हे सोपवणे जेथे नीट होते तेथे ते शहर इतके सुरेख चालते की पाहत राहावे. आणि जेथे होत नाही तेथे ताईसारख्या माणसाची परवड होते. त्या शहराच्या वाहतुकीची पारख करायची तर गाड्या किती नव्या आहेत हे पाहण्यापेक्षा या सोपवण्याकडे पाहावे, असे मला वाटते.

विमानतळापासूनच सुरुवात करते. सुवर्णभूमी हे नाव आपल्याला वाचताक्षणी आपलेसे वाटते, पण थाई माणूस त्याचा उच्चार 'सुवन्नफूम' असा करतो. विमानतळाच्या तळघरातून शहरात जाणारी रेल्वे ऑगस्ट २०१० मध्ये सुरू झाली. सुमारे २८ किलोमीटरचे अंतर ती अर्ध्या तासात तोडते, आणि शेवटच्या फया थाय स्थानकापर्यंतचे भाडे आम्ही गेलो तेव्हा तेथील चलनात ४५ बाट होते. डब्यात बसल्यावर पहिली घोषणा कानी पडली, 'सथानी तो पाय', म्हणजे पुढील स्थानक, आणि त्या 'सथानी'तले स्थान ताईने लगेच ओळखले. पुढे कळले की थाई भाषेत कोणत्याही वाहनाला 'रोत' म्हणतात, आणि तो शब्द लिहिताना मात्र शेवटी 'थ' येतो, म्हणजे तो आपला रथच. आगगाडीला ते 'रोत फाय' म्हणतात. फाय म्हणजे आग. आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी जो शब्द होता, अगदी तोच! विजेच्या गाडीच्या नावात आगीपुढे आकाश जोडलेले असते, 'रोत फाय फा', कारण विजेला त्यांनी आकाशाची आग मानले. परक्या देशात उतरल्यावर पहिल्या अर्ध्या तासात असा आपलेपणा वाटला, ही केवढी मोठी गोष्ट आहे.

शहराच्या मध्यातून उंच खांबांवरून धावणारी रेल्वे, जिला तेथे सर्वजण 'बीटीएस' म्हणतात, ती ५ डिसेंबर १९९९ रोजी, म्हणजे राजे भूमिबोल यांच्या बहात्तराव्या वाढदिवशी सुरू झाली. तेव्हा तिचे दोनच मार्ग होते, दोन्ही मिळून सुमारे साडेतेवीस किलोमीटरचे. त्याआधीचे दशक वाया गेले होते. १९९० मध्ये कंत्राट दिलेला होपवेल नावाचा प्रचंड उन्नत रस्ते-रेल्वे प्रकल्प अर्धवट सोडून द्यावा लागला आणि त्याचे काँक्रीटचे बोडके खांब कित्येक वर्षे रुळांच्या कडेला उभे होते. भुयारी रेल्वे आली ती २००४ च्या जुलैमध्ये. तिच्या प्रवेशद्वाराशी आधी काही पायऱ्या चढाव्या लागतात आणि मग खाली उतरावे लागते. ताईला याचा राग आला, खाली जायचे तर वर कशाला चढवता, असा तिचा रास्त प्रश्न होता. ती पुराची तजवीज आहे हे समजल्यावर मात्र ती काही बोलली नाही. ज्या शहराची जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड-दोन मीटर उंच आहे, तेथे भुयाराचे तोंड रस्त्याच्या पातळीवर ठेवून कसे चालेल?

सोपवणे नीट कसे असते याचा नमुना सयाम स्थानकावर पाहावा. तेथे बीटीएसचे दोन्ही मार्ग भेटतात. स्थानक दोन मजली आहे, आणि प्रत्येक मजल्यावर एकाच फलाटाच्या एका बाजूला एका मार्गाची गाडी येते, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या मार्गाची. ज्या दोन दिशांच्या गाड्या एका मजल्यावर येतात, त्यांच्यात बदलायचे म्हणजे फलाट ओलांडायचा, एवढेच. जिना नाही, लिफ्ट शोधणे नाही, नवे तिकीट नाही. ताई तेथे दिवसातून दोनदा गाडी बदलत असे आणि तिला कधी थांबून दम घ्यावा लागला नाही. आराखडा काढताना ज्याने हे सुचवले, त्याचे गुडघेदुखी असलेल्या किती माणसांवर उपकार झाले असतील याचा हिशेब कोण ठेवणार!

याच रेल्वेच्या एका स्थानकावर सकाळी आठ वाजता आम्ही जिन्यापाशी होतो. ध्वनिक्षेपकावर राष्ट्रगीत सुरू झाले आणि धावपळ करणारे सगळे लोक जेथल्या तेथे थांबले. हातात कॉफीचा पेला असलेली मुलगी थांबली, तिकिटाच्या यंत्रात नाणे टाकणारा माणूस नाणे बोटांत धरून थांबला. सरकता जिना तेवढा चालू होता आणि त्यावरची माणसे न हलता, ताठ उभ्याने, वर येत राहिली. रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला असे होते. गीत संपले, आणि गर्दी अर्ध्यावर राहिलेल्या पावलापासून पुन्हा चालू लागली.

आता रेल्वेचे स्थानक आणि घर यांच्या मधल्या अंतराविषयी लिहिते, कारण बँकॉकची खरी अडचण तेथे आहे. मोठ्या रस्त्यांना फुटणाऱ्या गल्ल्यांना तेथे 'सॉय' म्हणतात. सुखुम्वित रस्त्याच्या उत्तरेकडील सॉयना विषम क्रमांक आहेत, दक्षिणेकडील सॉयना सम. नावाला गल्ली, पण एखादी सॉय किलोमीटर-दीड किलोमीटर सरळ आत जाते आणि पुढे एखाद्या भिंतीशी नाहीतर कालव्याशी संपते. पूर्वी तेथे भातखाचरे आणि बागा होत्या, त्यांचे लांबट पट्टे जसे विकले गेले तशा गल्ल्या पडत गेल्या. एका गल्लीला दुसरीशी जोडावे, असे कोणाच्या मनात आले नाही. त्यामुळे सगळी वाहने मोठ्या रस्त्यावरच येतात आणि तो तुंबतो. बस आत शिरू शकत नाही. उन्हात चालत जावे, तर पदपथावर खाद्यपदार्थांच्या गाड्या, विजेचे खांब आणि उखडलेल्या फरशा.

हे अंतर भरून काढतात ती मोटारसायकली चालवणारी माणसे. सॉयच्या तोंडाशी छपराखाली नारिंगी बंडी घातलेले चार-सहाजण बसलेले असतात. त्या अड्ड्याला तेथे 'विन' म्हणतात. प्रत्येकाच्या बंडीवर क्रमांक असतो, आणि बऱ्याच ठिकाणी कोठपर्यंत किती पैसे याचा फलकही लावलेला असतो. आमच्या सॉयच्या आतल्या टोकापासून रेल्वेच्या स्थानकापर्यंत १५ बाट पडत. ही माणसे केवळ प्रवासी नेतात असे नाही. सकाळी शाळेची मुले, दुपारी जेवणाचे डबे आणि कागदपत्रे, संध्याकाळी भाजीच्या पिशव्या घेऊन घरी जाणाऱ्या बायका, एकेका गल्लीचा सगळा संसार ती वाहतात, आणि कोण कोठे राहतो हे त्यांना पत्त्याशिवाय ठाऊक असते.

ताई मोटारसायकलवर बसेल असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. तिसऱ्या दिवशी ऊन फार होते आणि ती चालून थकली होती. अड्ड्यावरच्या एका पन्नाशीच्या चालकाने तिचे पाऊल पाहिले, काही न विचारता गाडी पदपथाच्या कडेला अगदी चिकटवून आणली आणि किंचित कलती धरली. पदपथ उंच असल्यामुळे ताईला पाय उचलावा लागला नाही. खुर्चीवर बसावे तशी ती बाजूने बसली. मी शिरस्त्राण मागितले तेव्हा त्याने हँडलला लटकवलेले काढून दिले आणि हनुवटीखालचा पट्टा लागला आहे ना हे स्वतः पाहिले. मागितल्याशिवाय ते बहुधा मिळत नाही हेही येथे सांगायला हवे, आणि आपल्या वाचकांनी ते मागितल्याशिवाय गाडीवर बसू नये. त्या दिवसानंतर ताईने रोज त्याच माणसाची वाट पाहिली.

आमच्या सॉयचे आतले टोक सेन सेप कालव्याच्या जवळ होते. हा कालवा तिसरे राम या राजाच्या काळात, १८३७ ते १८४० या वर्षांत खणला गेला; कंबोडियाच्या बाजूला चाललेल्या लढायांसाठी सैन्य आणि रसद पाण्यातून नेता यावी हा त्यामागचा हेतू. बँकॉकचे कितीतरी कालवे पुढे बुजवून त्यांचे रस्ते झाले. हा टिकला, आणि रस्ते तुंबले तेव्हा, १९९० मध्ये, त्यातून प्रवासी होड्या सुरू झाल्या. पश्चिमेला फान फा धक्क्यापासून पूर्वेला वाट श्रीबुनरुआंगपर्यंत (थाई भाषेत वाट म्हणजे बौद्ध देऊळ) सुमारे १८ किलोमीटरचा हा जलमार्ग आहे. मध्ये प्रातुनाम येथे सर्वांना होडी बदलावी लागते. प्रातुनाम म्हणजे पाण्याचे दार. भाडे अंतरानुसार दहा-वीस बाटांच्या आसपास.

हा प्रवास सुखाचा आहे असे मी म्हणणार नाही. पाणी काळे आहे आणि त्याला वास येतो. इंजिनाचा आवाज एवढा की शेजारच्याशी बोलता येत नाही. होडी धक्क्याला लागते ती काही क्षणांपुरती. फळी वगैरे काही टाकत नाहीत. छताच्या कडेने बांधलेला दोर पकडायचा, होडीच्या काठावर पाय ठेवायचा आणि आतल्या बाकांमध्ये उतरायचे. तिकिटे देणारी माणसे डोक्यावर शिरस्त्राण घालून होडीच्या बाहेरच्या, वीतभर रुंदीच्या काठावरून चालतात, एका हाताने दोर धरतात आणि दुसऱ्या हाताने पैसे घेतात. समोरून पूल आला की वाकतात. काही पूल इतके ठेंगणे आहेत की होडीचे छतसुद्धा खाली घ्यावे लागते.

पहिल्या दिवशी ताई काठाच्या बाकावर बसली. होडीच्या दोन्ही बाजूंना ताडपत्री असते आणि ती वर ओढण्यासाठी दोर सोडलेले असतात. समोरून दुसरी होडी आली की पाण्याचा लोट उसळतो; तेवढ्यापुरती ताडपत्री वर ओढून धरायची आणि धक्का आला की चढणाऱ्यांसाठी खाली सोडायची. हे काम काठाला बसलेल्या प्रवाशाचे, हे आम्हाला कोण सांगणार? समोरची होडी दिसताच मागच्या बाकावरच्या, शाळेच्या गणवेशातल्या मुलीने ताईच्या खांद्यावरून हात घातला आणि दोर खेचला. पाणी ताडपत्रीवर फाडकन आपटले आणि ताईच्या गालावर दोनच थेंब आले. मुलीने तो दोर ताईच्या हातात दिला आणि मान हलवली. पुढचे चार धक्के ताईने ताडपत्री सांभाळली. समोरची होडी कोणत्या अंतरावर असताना ओढायची आणि केव्हा सोडायची हे तिला दुसऱ्या धक्क्यापर्यंत जमून गेले होते, आणि तिच्या बाकावरचे तिघेजण तिच्या भरवशावर निवांत मोबाइल पाहत बसले होते. सहल कंपनीच्या बसमध्ये हे तिला कोठून मिळाले असते?

दुखऱ्या गुडघ्यांनी ही होडी रोज घ्यावी असे मी सुचवत नाही. ताईला चढताना तिकीटवाल्या बाईंनी दंडाला धरून आत घेतले तेव्हा तो प्रवास झाला, आणि परतीच्या वेळी गर्दी पाहून आम्ही दोन होड्या सोडल्या. पण अर्ध्या शहराची मोटार ज्या रस्त्यावर अडकून पडते, त्याला जवळजवळ समांतर जाणारी ही होडी एकाही सिग्नलला थांबत नाही, आणि तिने दफ्तरात जाणाऱ्या माणसाला वेळ ठरवून निघता येते, ही तिची योग्यता मोठी आहे.

चाओ फ्राया नदीवरच्या होड्या मोठ्या, संथ आणि चढायला सोप्या. त्यांच्या मागच्या टोकाला झेंडा असतो आणि झेंड्याच्या रंगावरून होडी कोठे थांबेल हे ठरते. नारिंगी झेंड्याची होडी दिवसभर बहुतेक धक्क्यांवर थांबते आणि अंतर कितीही असो, १६ बाट घेते. निळ्या झेंड्याची होडी पर्यटकांसाठी, तिचे भाडे त्याहून बरेच जास्त. साथोर्नच्या धक्क्यावर पर्यटकांची रांग निळ्या झेंड्यापाशीच लागते, कारण त्यांना तेवढेच सांगितलेले असते. वाट अरुण या देवळासमोरच्या था तियन धक्क्याला नारिंगी होडीसुद्धा जाते. तेथून पैलतीरी नेणारी नाव पाच बाटांत मिळते.

या होड्यांवर शिट्टीचे राज्य आहे. सुकाणूवर बसलेल्या माणसाला मागचे टोक दिसत नाही. मागे दोर घेऊन उभा असलेला माणूस तोंडातल्या शिट्टीने त्याला सांगत असतो, आणखी जवळ, थोडे मागे, आता थांब, आता चल. आखूड शिट्ट्या, लांब शिट्टी, दोन चढत्या सुरांची शिट्टी. दोराचा फास धक्क्याच्या खुंट्यावर पडतो, होडी कचकन थांबते, माणसे उतरतात-चढतात, आणि शेवटची शिट्टी होताच फास सुटलेला असतो. मागच्या भागात उभे राहण्याची काही जागा भिक्खूंसाठी राखलेली असते. स्त्रीचा स्पर्श भिक्खूंना वर्ज्य असल्यामुळे तेथे बायकांनी उभे राहायचे नाही. आम्ही नकळत तेथे उभ्या होतो, एका गृहस्थांनी हात जोडून आणि हसून आम्हाला दोन पावले पुढे यायला सांगितले.

साथोर्नच्या धक्क्याला लागूनच सफान ताक्सिन हे बीटीएसचे स्थानक आहे. होडीतून उतरून गाडीत बसायला पाच मिनिटे लागत नाहीत, म्हणून नदीवरच्या साऱ्या प्रवासात त्याचे महत्त्व फार. पण हे स्थानक मुळात तात्पुरते म्हणून बांधले गेले आणि पुलाच्या दोन बाजूंमध्ये अडकलेल्या अरुंद जागेत तेथे एकच रूळ आहे. एका दिशेची गाडी निघेपर्यंत दुसऱ्या दिशेची बाहेर थांबते. २००९ मध्ये रेल्वे नदीपार वोंगवियन याय येथपर्यंत वाढली, तरी हा एकपदरी तुकडा आहे तसाच आहे.

बसबद्दल थोडक्यात. तांबड्या-पिवळसर रंगाच्या, खिडक्या उघड्या असलेल्या जुन्या बस अजून धावतात आणि कितीही दूर जा, ८ बाट घेतात. कंडक्टर बाईंच्या हातात धातूची लांबट नळी असते. तिच्यात तिकिटांच्या गुंडाळ्या आणि नाणी, आणि तिचे झाकण त्या सतत वाजवत असतात. खट-खट ऐकू आले की लोक आपसूक पैसे काढतात. तिकीट बोटाच्या पेराएवढे, झाकणाच्या धारेने फाडून दिलेले. ताईने ती सारी तिकिटे जपून आणली आहेत.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्याही मोकळेपणाने लिहिते. सर्वात मोठी अडचण अशी की उन्नत रेल्वे आणि भुयारी रेल्वे वेगवेगळ्या संस्था चालवतात आणि तिकिटे वेगवेगळी. एकीचे कार्ड दुसरीला चालत नाही. एकीतून दुसरीत जाताना बाहेर पडायचे, पुन्हा रांगेत उभे राहायचे, काळे प्लास्टिकचे टोकन घ्यायचे आणि पहिल्या टप्प्याचे किमान भाडे पुन्हा भरायचे. एवढेच नाही, तर एकाच ठिकाणच्या दोन स्थानकांना दोन नावे आहेत. वरचे आसोक, खालचे सुखुम्वित. वरचे साला देंग, खालचे सी लोम. वरचे मो चित, खालचे चातुचाक पार्क. नकाशा हातात असूनही पहिल्या दिवशी आम्ही फसलो. सोपवण्यातली अशीच एक चूक तेथे फार गाजली होती. जांभळा मार्ग नावाचा नवा रेल्वेमार्ग ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाला तो ताओ पून स्थानकापर्यंत, आणि निळा मार्ग, म्हणजे आधीची भुयारी रेल्वे, संपत होता बांग सू येथे, जेमतेम एक स्थानक अलीकडे. तेवढ्या एका स्थानकाच्या तुटीसाठी लोकांना वर्षभर खाली उतरून बस धरावी लागली. ऑगस्ट २०१७ मध्ये निळा मार्ग ताओ पूनपर्यंत वाढला. त्या वर्षात जांभळ्या मार्गावरची गर्दी अपेक्षेपेक्षा किती कमी राहिली हे तेथील वृत्तपत्रांनी तेव्हा सविस्तर छापले होते.

दुसरी गोष्ट जिन्यांची. उन्नत रेल्वे बांधली तेव्हा मोजक्याच स्थानकांवर लिफ्ट होत्या. अपंगांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांनी २००७ मध्ये दावा लावला आणि २०१५ च्या जानेवारीत थायलंडच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सर्व स्थानकांवर वर्षभरात लिफ्ट बसवण्याचा आदेश महानगर प्रशासनाला दिला. ती मुदत पाळली गेली नाही, काम रेंगाळत पुढे गेले. पण आज ताईसारख्या बाईला जी लिफ्ट मिळते ती त्या माणसांनी आठ वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यामुळे मिळते. आम्हाला एका स्थानकावर लिफ्ट सापडली ती रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, आणि पलीकडे जायचे तर आधी जिना चढायचा होता. ताई तेथे पायरीवर बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही.

टॅक्सीचालकांचा आम्हाला दोन्ही तऱ्हांचा अनुभव आला. एकाने मीटर टाकायला नकार देऊन चौपट रक्कम सांगितली, आम्ही दार लावून घेतले. दुसऱ्याने न सांगता मीटर टाकले. नदीकाठी एका सुटाबुटातल्या माणसाने आज देऊळ बंद आहे असे सांगून स्वस्तात टुकटुकने दुसरीकडे नेण्याची तयारी दाखवली. देऊळ उघडे होते. आपल्या पुरवणीतील लेखकांना असेच काही घडले असावे. त्यावर उपाय साधा आहे. जेथे भाडे लिहिलेले असते किंवा ठरलेले असते, ते वाहन घ्यावे. आणि बँकॉकमध्ये तशी वाहने भरपूर आहेत.

माझ्या दोन विनंत्या आहेत. सहली नेणाऱ्या मंडळींनी बँकॉकच्या कार्यक्रमात अर्धा दिवस मोकळा ठेवावा आणि त्या दिवशी प्रवाशांना बसऐवजी नारिंगी झेंड्याच्या होडीने न्यावे. ज्यांना चढ-उतार झेपते त्यांना सेन सेपच्या होडीतही बसवावे. आणि आपण आपल्या पुरवणीत अशा शहरांविषयी छापताना खरेदीच्या ठिकाणांच्या यादीबरोबर थोडी जागा याही माहितीला द्यावी : कोणता धक्का कोणत्या स्थानकाजवळ, कोणते तिकीट कोठे चालते, लिफ्ट कोणत्या बाजूला. वयस्कर वाचकांना तिचा फार उपयोग होईल.

अशी माहिती छापाल तेव्हा वेळाही जरूर छापाव्यात. नदीवरच्या आणि कालव्यावरच्या होड्या रेल्वेसारख्या मध्यरात्रीपर्यंत चालत नाहीत, आणि शनिवार-रविवारी तर त्या लवकरच आटोपतात. पहिल्या शनिवारी अंधार पडल्यावर आम्ही कालव्याच्या धक्क्यावर पोहोचलो, तेव्हा बाकावर एकच राखणदार बसला होता. त्याने मनगटावर बोट ठेवले, मग दोन्ही तळवे उघडून दाखवले, आणि उठून आम्हाला मोटारसायकलींच्या अड्ड्यापर्यंत सोबत केली.

आपली नम्र,
एक वाचक